भरलेल्या टाकीचा दिवा

टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि दिवा पेटलेला होता. असं होऊ शकत नाही, असं मी सुमनवहिनींना सांगत होतो, आणि त्या मला बोटानं डॅशबोर्ड दाखवत होत्या.

"ह्यो बघा. लागलाय ना?"

लागला होता. लाल, लुकलुकणारा, बेशरम. त्याचा अर्थ असा, की गाडीतलं कूलंट कमी झालंय. इंजिन चालताना तापतं. ते थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरवतात, आणि त्या पाण्यात एक औषध मिसळलेलं असतं. या मिश्रणाला कूलंट म्हणतात. बॉनेट उघडलं की प्लास्टिकची एक पांढरट टाकी दिसते, तिच्यात ते किती आहे ते कळतं. जुन्या गाड्यांत तुम्हीच वाकून बघायचं. वहिनींची गाडी जुनीच, पण एके काळी साहेबाची, त्यामुळे तिच्या टाकीत सेन्सर होता आणि तो डॅशबोर्डवर दिवा लावून सांगायचा.

पेणहून वडखळला जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गाड्यांशी बोलता बोलता केस पांढरे झाले. माणसं खोटं बोलतात, गाड्या बोलत नाहीत, असा माझा समज होता. या गाडीनं तो मोडला.

सुमनवहिनी हमरापूरच्या. त्या बाजूला घराघरात गणपतीचे कारखाने. वहिनी मूर्ती करत नाहीत, सगळा रंगही देत नाहीत. त्या फक्त डोळे आखतात. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि ते काम कुणाच्याही हाती देत नाहीत. हात जरा हलला की बाप्पा तिरळा. त्यामुळे वहिनींना पेणपासून रोह्यापर्यंत कारखानदार बोलावतात.

त्यांचे यजमान दामोदर, आमचे दामूदादा. लहानपणी वडलांबरोबर मिठागरावर राबले, मग रोह्याला कंपनीत शिफ्ट केल्या. निवृत्त होणाऱ्या एका साहेबाची ही गाडी त्यांनी हौसेनं घेतली. हौस फिटायच्या आत दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस. पेणला जागा मिळेना, रोह्याला मिळाली. मग वहिनी, पन्नाशी उलटल्यावर, गाडी शिकल्या. मला विचाराल तर त्यांच्या डोळ्यांच्या आखणीपेक्षा याचं मला जास्त कौतुक आहे.

गाडी इमानदारीत चालत होती. या उन्हाळ्यात दिवा लागायला लागला. दिवा लागला की वहिनी बहुतेक वेळा वाटेतल्या गडब गावाच्या आसपास गाडी झाडाखाली घ्यायच्या, इंजिन थंड होईपर्यंत थांबायच्या, मग टाकीत पाणी घालायच्या. सावधपणे, अगदी शिकवल्यासारखं. पण डायलिसिसचं मशीन वाट बघत नाही. एकदा पोचायला उशीर झाला, मशीन दुसऱ्याला लावलेलं. दादांचं त्या दिवशी अर्धवटच झालं, आणि पुढची रात्र त्यांनी पलंगावर बसून, धापा टाकत काढली.

"भाऊ, गाडी भरवशाची हाय का नाय, येवडाच सांगा," वहिनी म्हणाल्या. "नसंल तर आमाला पुन्याला जावा लागंल."

पुण्याला त्यांचा मुलगा, निलेश. चांगला मुलगा. घर मोठं आहे, जवळच हॉस्पिटल आहे, या दोघं, असं तो वर्षभर सांगत होता. दादा तयार होते. वहिनी नव्हत्या.

"पुन्यात मी काय करू? खिडकीत बसून कोनाचे डोले काढू?"

मागच्या सीटवरून दादा म्हणाले, "तो दिवाच काढून टाक ना रे. दोन वायरी कापल्या का गेला."

असं करतात लोक. आमच्याकडे येऊन हक्कानं सांगतात. वायर जोडून सेन्सरला गप्प करता येतं, पाच मिनिटांचं काम. पण मग खरंच पाणी गेलं तर सांगणार कोण? इंजिन जाम होतं, तेही नेमकं चालता चालता. मी दादांना म्हटलं, "तुमच्या छातीत दुखलं तर डॉक्टरला सांगता की तोंडाला पट्टी लावता?"

"बायको लावते," दादा म्हणाले.

गाडी मी ठेवून घेतली.

पहिलं काम, गळती शोधणं. टाकीच्या तोंडाला पंप लावून आत हवेचा दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. कुठे गळत असेल तर काटा खाली येतो. मी चहा प्यायलो, एका रिक्षाचं काम करून आलो. काटा जागचा हलला नव्हता. होस पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा, गाडीच्या आतलं कार्पेट कोरडं. कधी कधी पाणी इंजिनच्या आतच शिरतं. मग ऑइल दुधी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तेही नाही. एवढंच दिसलं, की टाकीतलं पाणी पार फिकट झालं होतं. कूलंट गुलाबी असतं, इथे गुलाबीचा नुसता भास होता. त्याचं मला नवल वाटलं नाही. वरून साधं पाणी घालत राहायची आपल्याकडे रीतच आहे. दोष सापडला की सगळं काढून नवीन भरू, असं ठरवलं.

गळती नाही, म्हणजे दिवा खोटा. सेन्सरचा प्लग काढून त्या दोन टोकांत वायरचा तुकडा घातला. दिवा विझला. म्हणजे वायरिंग ठीक, मीटर ठीक. राहिला सेन्सर. तो टाकीतच बसवलेला असतो, वेगळा मिळत नाही. पनवेलहून नवी टाकी मागवली.

त्या संध्याकाळी निलेशचा फोन आला.

"काका, गाडीचं काय?"

"टाकी बदलतोय. होईल."

"नाही झालं तर? काका, स्पष्ट बोलू का? तुम्ही आईला सांगा, गाडी संपली म्हणून. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. हायवेवर, उन्हात, बाबांना घेऊन ती एकटी थांबलेली असते. मला इथे ऑफिसात बसवत नाही."

त्याच्या आवाजात चलाखी असती तर मी दोन शब्द सुनावले असते. चलाखी नव्हती. भीती होती, आणि ती भीती मलाही पटत होती. एक खोटं वाक्य बोललो असतो तर ते म्हातारा-म्हातारी हॉस्पिटलच्या दारात राहायला गेले असते. यात वाईट काय, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "आधी टाकी बसवू दे." घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही.

नवी टाकी बसवली. आधी सेन्सरची खात्री, नवं कूलंट मग, म्हणून जुन्या टाकीतलंच पाणी तिच्यात ओतलं. वहिनी गाडी न्यायला आल्या होत्या. थोडं कमी पडत होतं, म्हणून त्यांनी डिकीतून आपला कॅन काढून दिला. पांढरा, रंगाचे डाग पडलेला, स्टिकर केव्हाच निघून गेलेला. मी त्यातले दोन घोट घातले. गाडी चालू केली. दिवा नाही. वडखळपर्यंत जाऊन आलो, तरी नाही. मी छाती पुढे काढून चावी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "भाऊ, गडबला थांबलोय. दिवा लागलाय."

मी मोटारसायकल काढली. गडबच्या पुढे, एका टपरीशेजारी गाडी उभी होती. दादा दार उघडं टाकून बसले होते, पाय सुजलेले, तोंडावर ओला रुमाल. वहिनी बॉनेटपाशी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या ते वेगळंच.

"टाकी भरलेली हाय, भाऊ. सकाली निघताना मी अजून थोडा पानी घातला, म्हटला लांब जायचाय. तरी लागलाय."

मी बघितलं. गळ्यापर्यंत. होस पाइपला हात लावला, इंजिन जेवढं गरम असावं तेवढंच गरम. तापमानाचा काटा मधोमध, शहाण्यासारखा. आता एक तर नवा सेन्सर खोटा, नाही तर मी. आणि मशीनची वेळ जवळ येत होती.

"वहिनी, बाजूला बसा. मी चालवतो. काही झालं तर माझ्या माथी."

मोटारसायकल टपरीवाल्याच्या भरवशावर टाकली आणि निघालो. गडब ते रोहा मी हजारदा गेलो असेन, इतका लांब रस्ता कधीच वाटला नव्हता. दिवा लाल, आणि माझी नजर सारखी काट्यावर. नागोठणं गेलं तरी काटा ढिम्म. मागून दादा म्हणाले, "माज्यापेक्षा तुलाच घाम फुटलाय. तुला पन लावू का मशीनला?" कुणी हसलं नाही. वहिनींनी फक्त दाराचा दांडा घट्ट धरला होता.

वेळेवर पोचलो. अगदी दारात नर्सनं हाक मारली तेवढ्यात. दादा आत गेले आणि मी पायरीवर बसलो. निलेशला फोन करून 'बाबा रे, तुझंच बरोबर' म्हणावं, इथवर माझी मजल गेली होती.

"चला, हितं बसून काय करता?" वहिनी म्हणाल्या. "कारखान्यात चा पिऊ."

दादा आत असतात तेव्हा त्या जवळच्या एका कारखान्यात आखणी करतात. वेळ सत्कारणी लागतो, आणि माझ्या मते मनातली धाकधूकही कमी होत असावी. आम्ही गेलो. रंगवलेल्या मूर्ती रांगेत ठेवलेल्या, सगळ्यांना सोंड, हात, पितांबर, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. एवढे देव एकदम आंधळे बघायची मला सवय नाही, मी चहाच्या कपात बघत बसलो.

वहिनींनी स्टूल ओढलं. वाटीत काळा रंग घेतला. मग पिशवीतून तोच पांढरा, डागाळलेला कॅन काढला आणि रंगात चार थेंब टाकले.

मी कप खाली ठेवला.

"वहिनी, हे कुठलं पाणी?"

"बॅटरीचा."

गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, डिस्टिल्ड. त्यात क्षार नसतात, काहीच नसतं.

"रंगाला बॅटरीचं पाणी?"

"मग? आमचा बोरिंगचा पानी खारा, हितलाबी तसाच. पितांबराला चालतो. डोल्यांना नाय चालत. सुकला का बुबुलावर पांढरा उमटतो. गनपतीला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो."

"आणि गाडीत कुठलं घालता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नवऱ्याला शिळं वाढता का असं विचारलं होतं.

"हाच. खारा पानी घालून आतला लोखंड सडवू? मिठागरावरच्या घरात सून म्हनून आलेय मी. मीठ लोखंडाचा काय करतो, ता मना सांगू नका. बाप्पाच्या डोल्यांना जा पानी, ताच माज्या गाडीला. पहिल्यापासून."

आणि मी मूर्खासारखा हसायला लागलो.

सांगतो. त्या टाकीतला सेन्सर म्हणजे दोन छोट्या धातूच्या काड्या. एका काडीतून अगदी बारीक करंट सोडतात. तो पाण्यातून दुसऱ्या काडीपर्यंत पोचला, की गाडी समजते पाणी आहे. नाही पोचला, की पाणी नाही, लाव दिवा. पण करंट वाहून नेतं ते पाण्यात विरघळलेलं काहीबाही, क्षार, औषधं. अगदी शुद्ध पाण्यातून तो जवळजवळ जातच नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी सेन्सरच्या लेखी ती रिकामी.

गडबला गाडीत टाकलेल्या माझ्या हत्यारांच्या पिशवीतून मी मल्टीमीटर आणला. हे करंट मोजायचं यंत्र. एका वाटीत वहिनींचं पाणी, एकीत कारखान्यातलं बोरिंगचं. बोरिंगच्या वाटीत दोन टोकं बुडवल्यावर आकडे नाचले. वहिनींच्या वाटीत आकडे आलेच नाहीत. वहिनी ब्रश हातात धरून बघत होत्या. मग गाडीच्या टाकीतलं कपभर पाणी काढलं आणि तेवढंच बोरिंगचं घातलं. हे कायम करायचं नाही, फक्त खात्रीपुरतं. चावी फिरवली.

दिवा विझला.

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि आता मात्र रडल्या. मोकळ्या रडल्या. "माज्यामुले झाला," म्हणाल्या. "ह्यांना उशीर माज्यामुले झाला."

मी म्हटलं, "वहिनी, काळजीमुळे झाला. त्याला इलाज आहे."

सगळं चक्र आता दिसत होतं. कधीतरी सुरुवातीला कूलंट खरंच थोडं कमी झालं असेल, वर्षांनुवर्षांत होतं. दिवा लागला, वहिनींनी टाकी गळ्यापर्यंत भरली. पण टाकी अशी भरायची नसते. गरम झाल्यावर पाणी फुगतं, त्याला जागा लागते. जागा नसेल तर जास्तीचं झाकणातून बाहेर येतं. ते बाहेर आलं, कूलंट घेऊन आलं. वहिनींना पातळी खाली दिसली, गाडीखाली ओल दिसली, त्यांना वाटलं गळतंय. परत शुद्ध पाणी घातलं. असं करत करत सगळं औषध बाहेर आणि आत नुसतं बाप्पाच्या डोळ्यांचं पाणी. जितकी माया, तितका दिवा. मी टाकी बदलली तेव्हा जुनं पाणी ढवळलं गेलं, सेन्सरला जेमतेम पुरलं असावं. सकाळी वहिनींनी नवं घातलं आणि तेही संपलं.

पाण्याच्या निवडीत त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. खारं पाणी घातलं असतं तर दिवा कधीच लागला नसता आणि रेडिएटर आतून सडून गेला असता. गाडी खूश, गाडीचा नाश.

दादा बाहेर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मना मीठ बंद केला आनि पानी मोजून. ह्या गाडीला पानी मुबलक आनि मीठ पायजे. अगो, डाक्टरांनी आमच्या फायली बदलल्या वाटता."

या वेळी सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी आतलं सगळं पाणी काढून, धुऊन, गुलाबी कूलंट भरलं. त्यातल्या औषधामुळे गंजही धरत नाही आणि करंटही जातो. टाकीवर दोन खुणा असतात, किमान आणि कमाल. कंपनीनं त्या अशा उठवलेल्या, की माझ्या चष्म्यालाही दिसत नाहीत. वहिनींनी बारीक ब्रश काढला आणि खालच्या खुणेवर काळी रेघ ओढली. एकाच हातात, न थांबता. डोळ्याच्या पापणीला ओढतात तशी.

"ह्या रेघेच्या वर हाय तवर झाकनाला हात लावायचा नाय," मी त्यांच्याच भाषेत बजावलं.

निलेशला फोन केला. "गाडी संपलेली नाही," म्हटलं. "ती कशी बिघडली होती, ते आईला विचार. ती चांगलं सांगते."

"काका, पण परत रस्त्यात—"

"परत दिवा लागेल तेव्हा खरा असेल. तेवढी खात्री मी देतो. पुण्याला यायचं की नाही, ते तुम्ही घरात बोला. माझ्या तोंडून गाडीला मारू नकोस."

तो रागावला असावा. फोन ठेवताना काका म्हणाला नाही.

गणपतीत तो घरी आला. डायलिसिसला सुट्टी नसते, म्हणून या वेळी तोच आईबाबांना घेऊन रोह्याला निघाला. आणि नागोठण्याच्या अलीकडे दिवा लागला. मी गॅरेजात होतो, फोन वाजला.

"काका, दिवा लागलाय." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काटा ठीक आहे. गाडी गरम पण वाटत नाही. तसाच पुढे जाऊ का? खोटा आहे ना?"

"आईला विचार."

मागून बॉनेटचा आवाज आला, मग वहिनींचा. अगदी शांत.

"खरा हाय. रेघेच्या खाली गेलाय. खालचा पाइप ओला हाय, क्लिप ढिली झालीय. गाडी बंद कर, बाला."

निलेशनं गाडी बंद केली. माझ्या ओळखीचा रिक्षावाला नागोठण्याला असतो, तो त्यांना घेऊन गेला, दादा वेळेवर मशीनला लागले. मी जाऊन क्लिप बदलली, खुणेपर्यंत कूलंट भरलं, गाडी रोह्याला पोचवली. आणखी थोडी पुढे नेली असती तर काटा चढला असता, आणि काटा चढल्यावर हायवेवर कुणाला सुचतं? दादा म्हणाले तसा तो दिवा मी कापला असता, तर त्या दिवशी इंजिनच गेलं असतं.

रोह्याला निलेश पायरीवर बसला होता. चावी मी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही.

"आईला द्या," म्हणाला.

हल्ली कुणी पाण्याची तक्रार घेऊन आलं, की ते किती घालता हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठलं घालता.